कमळाबाईंची लाल शाई

कमळाबाई गेल्याचं मला मांबलम स्टेशनबाहेर भाजी घेताना कळलं. त्यांच्या शाळेतल्या एक बाई भेटल्या, म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही? गेल्या मंगळवारी... झोपेतच." रडू नंतर आलं, आधी रागच आला. सतरा वर्षांची मैत्री, आणि नेमकी त्याच आठवड्यात मी लेकीकडे बंगलोरला जाऊन बसले होते! आता महिना होत आला. राग ओसरलाय, म्हणून लिहायला बसले.

यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मी साताऱ्याहून मद्रासला आले. वेस्ट मांबलमला आमच्या शेजारी कमळाबाई, त्यांचे थोरले भाऊ अण्णा, वहिनी आणि तीन मुलं राहायची. माणसं पिढ्यान् पिढ्या तंजावरची, पण घरात मराठी. हेल अगदी तमिळ, आणि मधेच पोथीतल्यासारखं "मज" नि "तुज". मला हसू यायचं. तेव्हा मी फार शहाणी होते ना! कमळाबाई लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे शिकून शाळेत शिकवायला लागलेल्या. घरात कुणी काही सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "सेरी." म्हणजे बरं.

एकदा दिवाळीच्या आधी आम्ही दोघी टी. नगरला साड्या घ्यायला गेलो. तासभर साड्या उलगडून झाल्या तरी बाईंचं ठरेना. "वहिनीस निळा आवडतो," म्हणाल्या. "अहो, पण तुम्हाला काय आवडतं?" त्या हळूच म्हणाल्या, "मज ठावूक नाही, अक्का." दुसऱ्या दिवशी मी एक वही आणून त्यांच्या हातात कोंबली. म्हटलं, रोज चार ओळी लिहा, स्वतःबद्दल. कळेल हळूहळू. मी स्वतः जन्मात कधी रोजनिशी लिहिली नव्हती, पण सल्ला द्यायला काय जातंय!

पंधरा दिवसांनी त्या वही घेऊन आल्या आणि वाचून दाखवायला लागल्या. अण्णांचा खोकला, वहिनीचा उपास, धाकट्याची गणितं. मी वैतागले. "यात तुम्ही कुठं आहात?" बाई लाजल्या. मी डोकावून बघते तर पानावर लाल शाई! संध्याकाळी लिहायचं आणि सकाळी शाळेतल्या मुलींच्या वह्यांबरोबर आपलीही वही तपासायची, अशी त्यांची पद्धत पडून गेली होती. एक अख्खं वाक्य खोडलेलं.

"हे काय खोडलंत?"

"'आज कंटाळा आला' म्हणून लिहिलं होतं. बरं दिसत नाही ते."

"आणि मार्क किती दिलेत स्वतःला?"

"पाच... दहात."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याही हसल्या. मला काही कळलं नाही, हे आता कळतंय.

पुढच्या वर्षी अण्णांची त्रिचीला बदली झाली. वहिनीला चौथं होणार होतं, घरात हात हवा होता. बहिणीनं राजीनामा द्यायचा आणि बरोबर यायचं, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. विचारलं कुणी नाही. मलाही तेच बरोबर वाटलं. "बाईमाणूस एकटी कशी राहणार? जा निमूट," असं मी बजावलं. "सेरी," त्या मलाही म्हणाल्या.

त्या दिवसांत काय चाललं होतं ते त्यांनी मला फार नंतर सांगितलं. संध्याकाळी लिहायचं, 'मज जायचं नाही.' सकाळी खोडायचं. असे बारा दिवस. तेराव्या सकाळी लाल टाक उचलला आणि हात वाक्यावर जाईचना... वही मिटून त्या तशाच पेपर वाचत बसलेल्या अण्णांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्या. अण्णांनी दोन वर्षं अबोला धरला. कमळाबाईंनी आमच्याच गल्लीत एक खोली घेतली. मग मात्र बाईंना रोज काहीतरी नवं सापडायला लागलं: आपल्याला कॉफी बिनसाखरेचीच आवडते, गर्दीची कचेरी, म्हणजे तिकडची गाण्याची मैफल, आवडत नाही, आपल्याला रागही येतो. मी सगळ्यांना मिरवून सांगायची, वही माझी, म्हणजे हिंमतही माझीच!

गेल्या आठवड्यात अण्णांची मुलगी ती पहिली वही घेऊन आली. "आत्तेनं तुमच्यासाठी ठेवली होती." वही मराठीत, पण अक्षरं तमिळ, बोलायला त्या मराठी शिकल्या होत्या, लिहायला शाळेतली तमिळच. त्या लिपीत क आणि ग एकाच अक्षरानं लिहितात. तोंडानं म्हटल्याशिवाय मराठी शब्द लागत नाही. मला तमिळ पाट्या वाचण्यापुरतीच येते; मी बोट ठेवून, मोठ्यानं, एकेक अक्षर लावत तेराव्या, न खोडलेल्या पानापर्यंत आले.

"अण्णास सांगायचं भय नाही. ते रागावतील, मग बोलतील. अक्कास कसं सांगू? ती म्हणते जा. ती मज वेडी म्हणेल. ह्या गावात मज दुसरं कोण आहे?"

त्रिचीला जाणार नाही, असं त्यांनी येऊन सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले होते, ते मला लख्ख आठवतं. "वेड लागलंय का तुम्हाला?" असंच म्हणाले होते. त्यानंतर इतकी वर्षं ही बाई रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

खाली आणखी दोनच शब्द होते. "तरी सांगणार."

मी ते सगळं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. घरात ऐकायला मी एकटीच होते.