व्हरांड्यातला आलेख

मोटारींच्या कारखान्यात माझं काम गाड्या पळवून पाहण्याचं. चाचणीच्या रस्त्यावर कुठली गाडी किती वेगानं वळते, किती अंतरात थांबते, हे मी वर्षानुवर्षं मोजत आलो. त्या पावसाळ्यात चेन्नईत नुंगंबाक्कमच्या पुलाखाली माझी दुचाकी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली आणि मी घरी पडून राहिलो.

पडून राहण्याची सवय लागते. व्यायाम शिकवायला येणारा तरुण रोज सांगायचा, ‘मेदुवा, सार, मेदुवा.’ हळूहळू चाला, पण चाला. तो गेला की मी वॉकर भिंतीला टेकवून ठेवत असे. दाराबाहेरच्या लांब व्हरांड्यात शेजारपाजारची दारं उघडी असत, आणि तसं खुरडत चालताना कुणी पाहावं हे मला नको होतं.

मुलगी तेव्हा सातवीत होती. विज्ञानात ‘गती आणि काळ’ हा धडा चालू होता आणि चाचणीत तिला फार कमी गुण पडले होते. व्याख्या तोंडपाठ होत्या. पंख्याची गती वर्तुळाकार, झोपाळ्याची दोलन गती, सगळं धडाधड सांगायची. वेगाचं गणित आलं की अडायची. मी उत्साहानं चाचणीच्या रस्त्याची उदाहरणं दिली. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “बाबा, तुझ्या गाड्या मला दिसत नाहीत.”

शाळेनं घरातली कुठलीतरी गती मोजून तिचा आलेख काढायला सांगितलं होतं. एका रविवारी ती खडू घेऊन व्हरांड्यात गेली आणि दर मीटरला एक रेघ ओढून आली.

“चल. मी तुला मोजणार आहे.”

“मला? आईला मोज की.”

“आई भरभर जाते. मला लिहायला वेळच मिळत नाही.”

बायको स्वयंपाकघरात हसली. मला नाही म्हणता आलं नाही.

मी निघालो. प्रत्येक रेघेपाशी मुलगी मोबाइलवर वेळ बघून लिहून घेत होती. व्हरांड्यात थोडं पुढे राहणाऱ्या काकू तंजावरकडच्या मराठी. त्या दारात येऊन बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या दाराशी पोचलो तेव्हा मांडीत कळ आली आणि मी थांबलो. काकूंनी काही न विचारता आतून खुर्ची आणून ठेवली. मी बसलो.

“हे खोड,” मी मुलीला म्हणालो. “पुन्हा पहिल्यापासून करू.”

“का? थांबलास तर थांबलास.” तिनं घड्याळ चालूच ठेवलं होतं.

बऱ्याच वेळानं उठून मी टोकाला पोचलो. संध्याकाळी तिनं आलेख दाखवला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. रेघ चढत गेली होती आणि मी बसलो तिथं सरळ खाली शून्यावर आली होती.

“ही खाली का आली?”

“तू थांबलास ना. वेग शून्य.”

“वेग शून्य, बरोबर. पण मी होतो कुठे?”

“काकूंच्या दाराशी.”

“मग तू तर मला घरी परत आणलंस.”

मग रबर घेऊन तिनं उतरलेली रेघ पुसली आणि तिच्या जागी आडवी काढली. “थांबलास, पण होतास तिथेच होतास,” ती स्वतःशीच पुटपुटली. मग मी न सांगता तिनं सगळ्या अंतराला सगळ्या वेळानं भागलं, बसलेला वेळही धरून, आणि सरासरी वेग काढला. इतका कमी आकडा मी माझ्या नोकरीत कधी पाहिला नव्हता. तिला मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उत्तर आलं म्हणून ती खूश होती.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो, “उद्यापासून व्हरांड्यात चालेन म्हणतो.” ती म्हणाली, “मग काकूंना खुर्ची बाहेरच ठेवायला सांगते.”

शाळेत बाईंनी मुलीला तो आलेख फळ्यावर काढायला लावला. वर्गात कुणीतरी हसलं, असं तिनं सांगितलं, आणि तिनं तमिळमधून त्याला समजावलं की माणूस बसला म्हणून अंतर वाया जात नाही. पुढच्या चाचणीत तिला बरे गुण मिळाले; फार नाही, बरे.

थंडी सुरू होता होता मी काठीवर आलो. एका संध्याकाळी मुलगी आणि मी पहिल्यांदा खाली रस्त्यावर कॉफी प्यायला गेलो. ती आपल्या नेहमीच्या चालीनं पुढे निघाली, मी मागून. तिनं एकदाही काळजीनं वळून पाहिलं नाही. दुकानाशी पोचून तिनं दोन कॉफी सांगितल्या आणि मी येईपर्यंत माझी थंड होऊ नये म्हणून पेल्यावर त्याच्यासोबतची वाटी उपडी घालून झाकून ठेवली.