निर्मलला गेलेलं पुस्तक

मला आवडलेलं पुस्तक दुसऱ्यानं वाचेपर्यंत मला चैन पडत नाही. हा माझा जुना रोग. मी येताना दिसले की शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका वाट बदलायच्या, कारण मी हातात काहीतरी कोंबणार हे ठरलेलं. वर "कुठवर आलात?" म्हणून मानगुटीवर बसणार. "छान आहे" एवढंच म्हणून पुस्तक परत करणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येई. छान काय आहे ते तरी सांगा!

तेव्हा डोक्यात एकच कादंबरी होती. मजुरी करता करता शिकणाऱ्या आणि कुणाचं न ऐकणाऱ्या बाईची. यवतमाळहून आणलेली, कारण तेलुगू मुलखातल्या आमच्या आदिलाबादेत मराठी पुस्तकं मिळणार कुठं? त्याच दिवसांत निर्मल गावच्या मंडल कचेरीतला, म्हणजे तहसिलीतला, एक कारकून मला बघायला आला. पोहे झाले, मोठ्यांच्या गप्पा झाल्या, आणि पाहुणे उठता उठता मी ते पुस्तक त्याच्या हातात दिलं. "वाचा, मग बोलू," म्हटलं. बाबांनी डोळे वटारले. त्यानं पुस्तक उलटंसुलटं पाहिलं आणि पिशवीत घातलं. काही दिवसांनी त्याच्याकडून एक कॅसेट आली. सोबत निरोप, "हेबी ऐका."

त्यांचा होकार आला. माझा अडला. मी मनाशी पक्कं केलं होतं की ज्याला ती बाई कळली नाही, त्याच्याशी माझं जमायचं नाही. पण तो पुस्तकाबद्दल अवाक्षर काढेना.

आमचं घर आदिलाबादेजवळ मावल्याला, रस्त्यालगत. निर्मलहून येणारी बस दारावरूनच जायची. हॉर्न वाजला की मी खिडकीशी. दूध उतू गेलं. वह्या तपासताना बरोबर उत्तरावर फुली मारली. कॅसेट लावली, तर सगळी तेलुगू गाणी! मी मराठी शाळेत शिकलेली. माझी तेलुगू भाजी घेण्यापुरती आणि बसमध्ये जागा मागण्यापुरती. बंद केली. पुन्हा लावली. एक गाणं कारण नसताना मागे फिरवून तीनदा ऐकलं, तेव्हा तर जास्तच चिडले.

"बाबा, वाचलं का ते विचारा ना त्यांना."

"काऊन वं," बाबा म्हणाले, "नवरा पाहून राह्यली का इद्यार्थी? किती दिवस टांगून ठेवतं लोकाइले? या रविवारी काय ते सांगून टाक."

रविवारी तो स्वतःच आला. हातात पुस्तक. परत करायलाच आलाय असं मला वाटलं. बाबा समोर बसले होते. त्यानं आधी कॅसेटचं विचारलं.

"कळली नाही," मी सरळ सांगितलं. "एक गाणं फार आवडलं, पण ती गाणारी बाई काय म्हणते ते ठाऊक नाही."

तो हसला. "माह्यंबी असंच होऊन राह्यलं. घरी मराठी बोलतो, पण शिकलो तेलुगूत. मराठी वाचाची सवयच नाही. हरेक ओळीपाशी थांबा लागते."

आमच्या जिल्ह्यात असे कितीतरी लोक. माझ्या मात्र हे ध्यानातच आलं नव्हतं. "मग किती झालं?" मी जरा नरमाईनं विचारलं.

"ते बाई मालकाच्या दारात जाब इचाराले गेली, तिथवर."

"अहो, मग पुढं तर ती..."

"सांगू नका!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की बाबा दचकले. मग ओशाळला. "मले वाचू द्या. ते तिथं दारात उभी आहे, अन् माह्यं कचेरीत ध्यान लागून नाही राह्यलं. पण लग्नाआधी काही हे पुस्तक संपत नाही. बाकीचं मंग वाचलं तर चालन का?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. इतक्या जणांना मी ते पुस्तक दिलं होतं. त्या बाईची एवढी काळजी कुणीच केली नव्हती. बाबांच्या देखत मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली. त्यानं खुणेसाठी बसचं तिकीट घातलं होतं, ते पान उघडलं आणि मी मोठ्यानं वाचायला लागले.

बाबा उठून आत गेले. "चहा ठेव," ते आईला म्हणाले, "अन् तारीख पक्की करून टाकू."

त्याला ते ऐकूच गेलं नाही. मी पान उलटायला थांबले होते.

"मंग?" तो म्हणाला.