शंका घेतली की गुण येत नाही

माझा थोरला मावसभाऊ माढ्याकडच्या एका शाळेत गणित शिकवायचा. निवृत्त झाल्यावर तो आणि वहिनी सोलापुरात राहायला आले. एखाद्या पोराला गणित सुटेना, तर दादा तेच गणित पुन्हा पुन्हा, वेगळ्या वाटेनं समजावायचा. त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जे लिहायला लागला, ते वाचून मला आधी वाटलं, फोन दुसऱ्याच कुणाच्या हाती लागलाय.

वहिनी गेल्यानंतरची ही गोष्ट. दादा दिवसभर एका मठाचे संदेश पाठवायचा. कुणी हात जोडायचं, कुणी न वाचताच सोडून द्यायचं. एकदा त्यानं मठातल्या तीर्थानं असाध्य रोग बरे होतात, असा व्हिडिओ टाकला. माझी भाची फार्मसी शिकते. तिनं खाली साधं विचारलं, "मामा, याला काही पुरावा आहे का?"

दादानं तिला धर्मबुडवी म्हटलं. तिचा बाप काढला. तिनं माफी मागितली तरी थांबला नाही, तिच्या कपड्यांवर घसरला. माझी बहीण फोनवर रडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेले. चांगलं सुनावायचं असं ठरवूनच गेले होते.

"ये की, बस," म्हणाला. चहा त्यानंच केला. घर झाडून पुसून लख्ख होतं, पण टीव्हीवर कापड घातलेलं. नुसता फोन वाजत होता.

"पोरीनं काय वाईट विचारलं, दादा?"

"तुला न्हाय कळायचं."

"मग सांग की."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या वहिनीच्या छातीत गाठ होती. गाठ लहान होती तेव्हाच कळलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू. मी तिला मठात नेलं."

आम्हाला सगळ्यांना त्यानं सांगितलं होतं, की आजार उशिरा कळला.

"तीर्थ घेतलं की तिला बरं वाटायचं. एकदा परत येताना बसमध्ये म्हणाली, दवाखान्यात दाखवून बघू या का? मी म्हणालो, शंका घेतली की गुण येत नाही. पुन्हा कधी म्हणाली नाही. गाठ फुटली तरी म्हणाली नाही."

तो पुढं म्हणाला, "आता ही पोरगी विचारतीय, पुरावा काय. तीर्थात काही नसंल, तर मग मी काय केलं? सांग की."

"तू काही मुद्दाम केलं नाहीस, दादा."

"म्हणजे केलं, असंच ना?"

त्यानं फोन उचलला आणि खाली मान घालून टाइप करायला लागला. मी उठले तरी वर बघितलं नाही.

मी बहिणीला आणि भाचीला सगळं सांगितलं. भाची मामीसाठी खूप रडली. शेवटी म्हणाली, "मामी वाचली असती गं, मावशी."

"हे त्याला कधी म्हणू नकोस."

"नाही म्हणणार. पण मी त्यांच्याशी बोलणारही नाही."

त्यानंतर कुणीतरी एका भोंदू बाबाला अटक झाल्याची बातमी ग्रुपवर टाकली. तो बाबा कुठला, दादाचा मठ कुठला. काही संबंध नव्हता. तरी दादानं भाचीचं नाव घेऊन असं काही लिहिलं, की मेहुण्यांनी त्याला ग्रुपमधून काढलं. मी फोन केला. "त्यांच्यातलीच तू," म्हणाला आणि ठेवून दिला.

परवा नात्यातल्या एका लग्नात तो दिसला. खूप वाळलाय. पंगतीत भाची वाढत होती. तिनं त्याच्या ताटात भात वाढला आणि पुढं सरकली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. जेवण अर्धवट टाकून तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला. मी पाण्याचा ग्लास घेऊन मागं उभी राहिले. फोनवर कुठल्या तरी अनोळखी बाईला तो शिव्या लिहीत होता, तिच्या आईबापांवरून. अक्षरं चुकत होती. तो ती पुसून पुन्हा लिहीत होता.