टाकेबाईंची उलटी टेप

शाळेत त्यांना सगळे टाकेबाई म्हणत. बावीस वर्षं शिवण शिकवल्यावर दुसरं काय म्हणणार? जिन्याखालच्या खोलीत त्यांची आठ मशिनं, खिडकीत बटणांचे डबे आणि भिंतीवर काजांचे नमुने. बाई एवढ्या भित्र्या, की शिपाई नोटीस घेऊन आला की आधी पाणी प्यायच्या, मग वाचायच्या.

यंदाची नोटीस खरंच घाबरण्यासारखी होती. शिवणाला मुली कमी, जागा रद्द होणार. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. इतिहासाच्या बाई बदली होऊन गेल्या होत्या.

"नववीचा इतिहास तुम्ही घ्या. महिन्याभरात शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येतील. तास चांगला झाला तर तुमची नोकरी राहील."

"मी? इतिहास?"

"मग काय, मी शिवण घेऊ?"

घरी बाईंनी इतिहासाचं पुस्तक उघडलं. जगातल्या पहिल्या वसाहती, नद्यांकाठची शहरं, मातीच्या पाट्यांवरची लिपी! भाजी चिरता चिरता पुस्तक पाठ करायच्या आणि विळीवरून उठेपर्यंत विसरायच्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती माणसं मरून हजारो वर्षं झाली. त्यांना काय भितेस? जिवंतांना भी."

"जिवंतच येणार आहेत ना तपासायला!"

सन काही केल्या डोक्यात राहीनात. मग बाईंनी आपल्या हाताला कळेल असा उपाय काढला. फळ्यावर शिवणाची टेप आडवी लावली. शून्य डावीकडे, एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास वर्षं. चोविसावर लोखंडाची चिठ्ठी टाचली, चौसष्टावर लिपीची, एकशेचाळिसावर शेतीची. मुली खूश, बाईंना जरा झोप लागायला लागली.

तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले. बाईंनी टेपेच्या टाचण्या पुन्हा एकदा दाबून बसवल्या. कसाबसा धडा सुरू झाला आणि पुढच्या बाकावरची किडकिडीत मुलगी उभी राहिली.

"बाई, मग लोकांनी आधी लोखंड वितळवलं, आणि त्याच्या कितीतरी नंतर धान्य पेरलं? तोपर्यंत खात काय होते?"

वर्ग हसला. बाईंनी टेपेकडे पाहिलं आणि चूक त्यांना दिसली. इसवी सनापूर्वीचे आकडे उलटे चालतात, मोठा आकडा म्हणजे जास्त जुनी गोष्ट. पण टेपेवर मोठा आकडा पुढे असतो, आणि बावीस वर्षं त्यांनी टेपच वाचली होती. तीन आठवडे सगळ्या वर्गाला जग उलटं शिकवलं होतं! साहेबांचं पेन वहीवर सरकलं. आता संपलं, बाईंच्या मनात आलं, गेली नोकरी.

तरी त्या वर्गाकडे वळून बोलल्या. "माझं चुकलं. शिवणात चुकलं की काय करतो गं आपण?"

"उसवतो!" निम्मा वर्ग आठवीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

टाचण्या निघाल्या. टेप फिरवली, शून्य, म्हणजे इसवी सनाची सुरुवात, उजवीकडे गेलं. शून्याला लागून बाईंनी गळ्यातली दुसरी टेप पुढे लावली आणि चाळिसाच्या किंचित पुढे बोट ठेवलं. "हा आजचा दिवस."

किडकिडीत मुलगी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. "अय्या! तिकडची टेप एवढी लांब, आणि आपली एवढीशीच?" मग मुली फळ्याशीच आल्या. कुणी विचारलं, शेतीच्याही आधीचं कुठे लावायचं? टेप संपली, भिंत संपली, मुली दाराबाहेर व्हरांड्यात मोजत गेल्या. साहेबही मागोमाग गेले.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. बाईंनी या वेळी पाणीसुद्धा न पिता वाचली. तास उत्कृष्ट. बाईंची नोकरी कायम, इतिहास यापुढे त्यांच्याकडेच द्यावा. शिवणवर्ग बंद करून मशिनं विकावीत.

"मोठ्या बाई, पण माझा वर्ग..."

"नोकरी राहिली ना? आणखी काय हवं?" मुख्याध्यापिका खरोखरच आनंदाने म्हणाल्या.

टेम्पो आला तेव्हा बाई वरच्या मजल्यावर नववीचा तास घेत होत्या. खाली एकेक मशीन चढत होतं, धडधड ऐकू येत होती. आठवं चढल्याचं त्यांनी मोजून ओळखलं. मग पुढच्या धड्याचं पान उघडलं. त्यातलं त्यांना अजून काहीच पाठ नव्हतं.