कंपाउंडरची खोली

भाडं येतं आणि खर्चून जातं, भाडेकरूंचे किस्से मात्र घरातच साचत राहतात!

आमची अहेरी तेव्हा चांदा जिल्ह्यात होती. बदलून येणाऱ्या नोकरदारांना राहायला जागा मिळत नसे, म्हणून मी अंगणापलीकडे तीन खोल्या बांधल्या आणि मोठ्या रुबाबात घरमालक झालो. तो रुबाब पहिल्याच महिन्यात उतरला.

*

पहिल्या खोलीत जंगलखात्याचा नाकेदार आला. त्यानं खोलीतच बकरी बांधली! मी म्हणालो, "बकरी बाहेर बांधा."

"बांधतो ना भाऊ. पन बिबट्या आला तं तुमी उठसान ना?"

बकरी आतच राहिली.

*

दुसऱ्या खोलीतले मास्तर माकडांना फुटाणे टाकत. माकडं छपरावर नाचत आणि कवेलू, म्हणजे कौलं, फोडत. मी तक्रार केली.

"माकडं माह्या आधीपासून इथी राहून राह्यली, भाऊ," मास्तर म्हणाले. "पहिले त्याइले नोटीस द्या!"

*

तिसऱ्या, हवेशीर खोलीत कंपाउंडर. एकटा जीव. माझी लेक सुमी पहिल्या बाळंतपणाला यायची होती आणि आमचं घर धुराचं, अंधारं. मला तिची फार काळजी लागली होती. खोली सोडा म्हणून मी कंपाउंडरला विनवलं.

"दुसरी खोली दाखवा, आत्ता निंगतो!"

अख्ख्या अहेरीत रिकामी खोली नव्हती, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

*

मग मी डाव टाकला. कवेलू काढून नव्यानं फेरायचे आहेत असं सांगून त्याच्या छपरावरचे सगळे उतरवून ठेवले. सकाळी पाहतो तर स्वारी खाटेवर मजेत लोळते आहे!

"लय उपकार झाले, भाऊ. काय मस्त हवा येऊन राह्यली!"

दोन दिवसांनी आभाळ भरून आलं, तेव्हा मीच धावतपळत कवेलू चढवले.

*

सुमीची दमणी अंगणात शिरली आणि बैल सोडायच्या आतच तिला कळा सुरू झाल्या. कंपाउंडरनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि आपली खाट, पेटी, भांडी भराभर बाहेर काढली. फिनाइलनं जमीन धुतली, सुईणीला बोलावून आणलं आणि स्वतः ओसरीवर चूल मांडून पाणी उकळत बसला.

उन्हं कलायच्या आत नातू झाला. मला रडूच फुटलं. त्याचं तोंड पाहायला मी तसाच आत धावलो, तर कंपाउंडर दारात आडवा!

"भाऊ, पहिले पाय धुऊन या. खोली अजून माहीच आहे!"