पांजरपोळाला दिलेली आढी

आता हसायचंच असेल तर आधी हसून घ्या मंडळी, मग चहा प्या. कारण माझी अब्रू एका आंधळ्या गाईने खाल्ली. तीही कोयीसकट!

धोंडू माझा चुलतभाऊ. वरंधला आमची घरं भिंतीला भिंत लागून. वयाने माझ्याहून धाकटा, पण मान बघाल तर थोरल्याचा! का? तर महाडच्या पांजरपोळाला, म्हणजे लंगडी, आंधळी, टाकून दिलेली गुरं सांभाळतात ना, तिथं तो दर उन्हाळ्यात गाडीभर पेंढा द्यायचा. बाकीचेही द्यायचे. कुणी पेंड द्यायचं, कुणी पावसाआधी गोठा शाकारून द्यायचं. पण तिथले दिवाणजी कपबशीतून चहा पाजायचे तो धोंडूला, आणि सभेत पुकारायचे, "वरंधचे धोंडूशेट!"

शेट? अहो, लहानपणी याचं नाक मी पुसलंय!

खोटं कशाला बोलू, मी जळायचो. त्यात आमची कारभारीण भाकरी थापता थापता म्हणायची, "धोंडूभावजींचा हात लय मोठा हाय." मग ती भाकरी माझ्या घशाखाली उतरायची नाही.

त्या वर्षी मी हट्टालाच पेटलो. यंदा सभेत नाव माझं! धोंडूच्या गाडीपेक्षा माझी गाडी हातभर तरी उंच दिसली पाहिजे.

कारभारीण शिवथरला माहेरी गेली होती. मी खळ्यातला पेंढा गाडीत भरला. तरी गाडी धोंडूच्या गाडीएवढीच! मग चढलो माळ्यावर. आमच्या गुरांना पावसाळ्यासाठी राखलेला पेंढा तोही खाली ओढला. कोपऱ्यात बांबूच्या मोठ्या टोपल्या, म्हणजे दोन हारे दिसले, काठोकाठ पेंढ्याने भरलेले. उचलले तर हे एवढे जड! मनात म्हटलं, वा, बायको काय काटकसरीची, पेंढासुद्धा ठासून भरलाय!

वास नाही का आला, म्हणाल. आला की! पण मे महिन्यात आमच्याकडे कुठल्या घरात आंब्याचा वास नसतो?

हारे गाडीवर चढवले आणि महाड गाठलं. दिवाणजी हात जोडून पुढे आले. चहा आला. कपबशीतून! मी बशीत ओतला, फुंकर मारली, भुरका असा मारला की आंधळ्या गाईनेही कान टवकारले.

"वरंधची गाडी ना?" दिवाणजी म्हणाले. "उद्या रविवारी सभा आहे. नाव पुकारतो."

मी नुसती मान हलवली. तोंडात चहा होता ना! इथंच मी फसलो, पण तेव्हा कळतंय कुणाला?

शीळ घालत घरी आलो. कारभारीण माहेराहून परतली होती आणि माळ्यावरून ओरडत होती.

"अवो, हितलं हारं कुठं हायत?"

"पांजरपोळात! दान केलं."

"दान? अवो, आढी लावलेली त्यात! धोंडूभावजींचं आंबं! त्यांच्या घरावरची कौलं काढलीत शाकारणीला, म्हणून जाऊबाईंनी आपल्या माळ्यावर ठेवलेलं! मंगळवारी पोरीच्या साखरपुड्याला मुंबईची पाव्हनी यायची हायत!"

धोंडूचे आंबे! त्याच्यावर मात करायला गेलो, आणि दान केलं त्याच्याच पोरीच्या साखरपुड्याचं!

धोंडू चिडला असता तर बरं होतं. पण नाही! म्हणतो कसा, "असू दे रे दादा. चल सकाळच्या यष्टीनं. उरलं आसतील तं आनू." त्याच्या त्या चांगुलपणाने माझ्या अंगाचा आणखीनच भडका उडाला.

सकाळी पोचलो तर आंधळी गाय तोंडभर केशरी रस माखून उभी. लंगडा बैल कोय चघळतोय. हारे रिकामे!

दिवाणजी धावत आले. "अहो, पेंढा सगळेच देतात, पण या जिवांना आंबे कुणी दिले होते? कुणाच्या झाडाचे?"

चोरासारखा मी पुटपुटलो, "याच्या."

झालं! सभा भरली. दिवाणजींनी धोंडूच्या गळ्यात हार घातला. "वरंधचे धोंडूशेट! यंदा दोनदा पेंढा, वर आंबे!"

दोनदा? अहो, दुसरी गाडी माझी! मी उठलोच. तेवढ्यात दिवाणजी माझ्याकडे वळले. माझी छाती फुगली.

"आणि एवढा माल सांभाळून आणणारा हा त्यांचा गाडीवान. त्यालाही एक नारळ!"

टाळ्या पडल्या. धोंडू बिचारा "दिवाणजी, ह्यो माझा थोरला भाव हाय" म्हणत होता, पण त्या टाळ्यांत ऐकतंय कोण?

मंगळवारी पाहुणे आले. आंब्यांची हकीकत ऐकून मुलाच्या बापाचे डोळे भरले. "ज्या घरात लंगड्या गुरांना आंबा मिळतो, त्या घरची पोर आम्हाला नुसत्या नारळावर पसंत!" हुंड्याचं नावसुद्धा निघालं नाही. बघा नशीब! आंबे माझ्या हातून गेले आणि पोर याची उजवली.

पावसाळाभर मी डोंगरातून गवत कापून आमची गुरं जगवली, ते वेगळंच.

आणि माझ्या हाती काय उरलं? तो नारळ? छे हो! आयत्या वेळी साखरपुड्याला नारळ कमी पडला, तेव्हा कारभारणीने तोही उचलून दिला धोंडूभावजींना.