दगडामागचा मासा

बेगडेवाडी स्टेशनच्या बाकावर एक शेतकरी मला रोज संध्याकाळी भेटायचा, डब्यात ओढ्यातले खेकडे घेऊन. घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्यानं फुगणारा मासा पाळला होता. कवचं फोडायला मिळाली नाहीत तर म्हणे त्याचे दात वाढतात. सांगताना तो स्वतःचेच गाल फुगवायचा.

"आरडाओरडा झाला की फुगतो. फुगून मरंल बी. म्हनून कुकर बंद. भांडायचं झालं तर आमी नवराबायकू शेताच्या बांधावर जातो. पोचेस्तवर राग जातो."

एकदा मी विचारलं, "कसा आहे मासा?"

या वेळी गाल फुगले नाहीत. "दिवाळीतच गेला."

"मग हे खेकडे?" मी जवळजवळ ओरडलोच.

"हळू बोला, भाऊ. बायकूनंच पुरला त्याला. पन आमी दोघं बी म्हनतो, टाकीतल्या दगडामागं लपलाय."